सात घरं, सात वार

जुन्या पिढीतल्या एखाद्या मास्तरांचं किंवा वकिलांचं चरित्र उघडा, "वार लावून शिकले" हे वाक्य हमखास सापडतं. आपल्यापैकी कितीजणांना त्याचा नेमका अर्थ माहीत आहे? ऑफिसात दोन-तीन जणांना विचारलं, तर एकाला वाटलं की ही वारीशी संबंधित काहीतरी भानगड असावी. :)

तर मंडळी, सिस्टिम अशी होती. गावाकडचा गरीब मुलगा शिकायला पुण्यासारख्या ठिकाणी यायचा. खोली कशीबशी मिळायची, खाणावळ परवडायची नाही. मग कोणीतरी ओळख काढून सात घरं बघून द्यायचं. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी लेल्यांकडे, असे आठवड्याचे वार ठरायचे. त्या घरात त्या दिवशी त्याचं पान ठरलेलं. पाचच वार मिळाले तर उरलेल्या दोन दिवशी उपास! याहून खडतर म्हणजे माधुकरी, म्हणजे झोळी घेऊन चार दारांतून शिजलेलं अन्न मागून आणायचं. 1909 साली पुण्यात सुरू झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाच्या (आजचं पुणे विद्यार्थी गृह) सुरुवातीच्या काळात मुलं अशीच माधुकरी मागून शिकली.

इंजिनिअरच्या नजरेने बघितलं तर डिझाईन झकास आहे. कुठल्याच घरावर आठवड्यातून एका पानापेक्षा जास्त भार नाही. फंड नाही, कमिटी नाही, पावतीपुस्तक नाही.

पण डिझाईनमधला मोठा दोष सांगायलाच हवा. हे पान जात बघून मांडलं जायचं. वार लावणारा मुलगा बहुतेक वेळा ब्राह्मणाचाच, आणि घरंही ब्राह्मणांचीच. मराठा, लिंगायत, मुसलमान मुलांनी कुठे जायचं? दलित मुलाला तर उंबऱ्याच्या आतही प्रवेश नव्हता. आणि मुलींचा तर प्रश्नच नव्हता. शिवाय ज्याला वार मिळायचा त्याच्याही वाट्याला कधी प्रेम, तर कधी कालची भाकरी आणि घरकाम यायचं.

ज्यांना या पंगतीत जागा नव्हती त्यांच्यासाठी बोर्डिंगं उभी राहिली. शाहू महाराजांनी कोल्हापुरात 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं आणि पुढे निरनिराळ्या समाजांची वसतिगृहं निघाली. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात त्याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहायची, एकत्र जेवायची. मुलं उपाशी राहू नयेत म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. मूठ-मूठ धान्य गोळा करून संस्था चालवायची पद्धतही त्याच काळातली. पणजीतल्या 'मुष्टिफंड' शाळेच्या नावात ती मूठ अजून आहे.

वार कधी संपले याची तारीख नाही. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आलं आणि जास्तीचं एक पान जड झालं. वाडे गेले, फ्लॅट आले. स्कॉलरशिपा, वसतिगृहं आणि मेसचे डबे आले. 1955 मध्ये पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती निघाली. हे सगळं चांगलंच झालं. मदत मागताना मान खाली घालावी लागू नये, यासारखी प्रगती नाही.

तरी एक गोष्ट खटकते. मार्च 2020 मध्ये लॉकडाऊन लागला, पुण्यातल्या मेस बंद झाल्या आणि स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी कितीतरी मुलं जेवणासाठी अडकली. अनेक संस्था आणि कार्यकर्ते धावून गेले, हे खरं. पण शेजारच्या बिल्डिंगमध्ये कॉट-बेसिसवर राहणारा मुलगा आज जेवला का, हे आपल्या सोसायटीत किती घरांना माहीत होतं? वारात जात होती, लाचारी होती, ती गेली ते उत्तम झालं. पण "गुरुवारी तो आला नाही, आजारी आहे की काय?" असं विचारणारं एक घर होतं, तेही त्याबरोबर गेलं.

डोनेशनची लिंक आपण सगळेच क्लिक करतो, करायलाही हवी. पण जात न विचारता, उपकाराची भाषा न करता, एका पोराचा एक वार आपल्या डायनिंग टेबलावर मांडायला काय हरकत आहे? रविवार चालेल. तसाही त्या दिवशी बऱ्याच मेस संध्याकाळी बंदच असतात.