रिसीव्हर, सॅन्सुई आणि आपलं शहर

रिसीव्हर हा शब्द आपल्याकडच्या घरांत दुकानातून नाही, पोस्टातून आला. रेडिओ घेतला की पोस्टात जाऊन ‘ब्रॉडकास्ट रिसीव्हर लायसन्स’ काढावं लागे. छोटं पुस्तक मिळायचं, दरवर्षी फी भरून त्यावर तिकिटं आणि शिक्का घ्यायचा. १९८०च्या दशकात ही भानगड संपली. आज जुन्या घरांच्या कपाटात ती पुस्तकं रेशनकार्डांबरोबर सापडतात. औरंगाबादला रेडिओचं अप्रूप वाटण्याचं कारणही होतं. निजामाच्या काळात हैदराबादबरोबर इथेही नभोवाणी केंद्र होतं. १९५० साली ऑल इंडिया रेडिओने संस्थानातली केंद्रं ताब्यात घेतली, त्यात औरंगाबादचं नाव होतं. पुढे थोड्याच वर्षांत ते बंद पडलं.

हे सगळं आठवायचं कारण अगदी संसारी आहे. माझ्याकडे दोन पॉवर अ‍ॅम्प्लिफायर आहेत, दोन्ही जुने, दोन्ही ठणठणीत. घरात सिनेमा बघताना पाच बाजूंनी आवाज हवा, ही मुलांची मागणी. बाजारात बसवूनच दिलेला संच घ्यायचा तर हे दोन्ही अ‍ॅम्प अडगळीत जातात, ते मला मंजूर नाही. म्हणून अ‍ॅम्पला नुसता सिग्नल देईल असं काहीतरी स्वस्तात हवं होतं. महिनाभर हिंडलो, शहागंजपासून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपर्यंत. त्यातून कळलं की हा सौदा नीट करायचा तर या डब्याचा इतिहास माहीत असणं उपयोगाचं आहे.

सुरुवातीला सगळं वेगळं होतं. ग्रामोफोनच्या सुईतून येणारा विजेचा इशारा काही मिलिव्होल्टचा. तो आधी वाढवायचा, त्याचा आवाज-खर्ज-टीप जुळवायची, हे प्री-अ‍ॅम्पचं काम. मग स्पीकरचा पडदा हलवण्याइतकी ताकद द्यायची, हे पॉवर अ‍ॅम्पचं. दुसऱ्यात मोठा ट्रान्सफॉर्मर असतो, तो गुणगुणतो, तापतो. नाजूक इशारा त्याच्यापासून लांब ठेवलेला बरा. म्हणून इंग्लंडात लीक आणि क्वाडसारख्या कंपन्या दोन डबे वेगवेगळे विकत. अमेरिकेत १९५३ साली सिडनी हार्मन आणि बर्नार्ड कार्डन यांनी कंपनी काढली आणि पुढच्याच वर्षी ट्यूनर, प्री-अ‍ॅम्प, पॉवर अ‍ॅम्प हे तिन्ही एका पेटीत घातले. रेडिओ पकडतो म्हणून तो रिसीव्हर. सामान्य माणसाच्या घरात हाय-फाय आलं ते या पेटीमुळे. शौकिनांनी नाकं मुरडली, पण पेटी खपली.

आता सॅन्सुई. जपानी नाव, अर्थ ‘डोंगर आणि पाणी’. १९४७ साली टोकियोत स्थापन झालेली ही कंपनी आधी ट्रान्सफॉर्मर बनवायची. ज्याला ट्रान्सफॉर्मर नीट करता येतो, त्याला अ‍ॅम्प्लिफायरचं अर्धं काम आलेलं असतं. १९६५ चा एयू-१११ हा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प, नंतर ट्रान्झिस्टरचे एयू-७७७, एयू-९५०० आणि एयू-७१७. काळा दर्शनी भाग, जड अंग. यातल्या अनेक मॉडेलांच्या पाठीमागे ‘प्री-आउट’ आणि ‘मेन-इन’ अशा दोन जोड्या असत. म्हणजे डबा एकच, पण मधलं कुंपण उघडता येई. हवं तर आतला प्री-अ‍ॅम्प सोडून बाहेरचा सिग्नल थेट पॉवरच्या भागाला द्या. माझ्या दोन अ‍ॅम्पपैकी एक असाच आहे.

असे अ‍ॅम्प आपल्या शहरात कसे आले? १९९१ आधी परदेशी वस्तू आयात करणं सोपं नव्हतं. कॉस्मिक, सोनोडाइन यांसारखे देशी पर्याय होते, आणि चांगले होते. बाकी माल यायचा तो खाडीतून. सौदी, कुवेत, दुबईला गेलेला मुलगा, जावई, मामू सुट्टीवर आला की चादरीत गुंडाळलेला डबा उतरायचा. बहुतेक वेळा टू-इन-वन, क्वचित कुणाचा मोठा अ‍ॅम्प. गल्लीतल्या कव्वालीच्या कॅसेटी, मुशायऱ्यांची रेकॉर्डिंग त्यावरच ऐकली जायची. यातले काही डबे पहिल्याच दिवशी जळाले, कारण जपानातल्या बाजारासाठी बनलेला माल १०० व्होल्टचा असतो आणि आपल्याकडे २३० आहे. आजही जुना माल घेताना मी आधी पाठीमागची व्होल्टेजची पट्टी वाचतो. १०० लिहिलं असेल तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरावा.

मग गोष्ट उलटी फिरली, सॅन्सुईच आपल्या गावात आली. धूत कुटुंबाच्या व्हिडिओकॉनने १९८०च्या दशकात तोशिबाच्या तंत्रज्ञानावर रंगीत टीव्ही काढले. पैठण रस्त्यावरचं चितेगाव त्यामुळे देशाला माहीत झालं. पुढे सॅन्सुई, अकाई, केनवूड ही जपानी नावंही भारतात याच समूहाने विकली. पण नाव आलं म्हणजे अ‍ॅम्प आला असं नाही. जपानातली मूळ सॅन्सुई तोवर थकली होती. ब्रिटनच्या पॉली पेकने घेतली, पॉली पेकच बुडाली, मग हाँगकाँगच्या मालकांकडे गेली. आपल्याकडे त्या नावाने टीव्ही आणि घरगुती उपकरणं आली. एयू मालिकेशी त्यांचं नातं फक्त पाटीचं. २०१४ साली जपानची सॅन्सुई दिवाळखोरीत गेली, २०१८ साली व्हिडिओकॉनवरही दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. चितेगाव, बिडकीन भागातल्या किती घरांचा पगार या एका फाटकातून जायचा, ते त्या रस्त्याने रोज जाणाऱ्याला विचारावं.

हे सांगतो अशासाठी, की जुन्या बाजारात मला तीन ठिकाणी ‘ओरिजिनल सॅन्सुई’ दाखवली गेली आणि तिन्ही ठिकाणी भाव पाटीचा होता. पाटी वाचू नका, डबा फिरवा. पाठ खरं बोलते.

रिसीव्हरच्या पाठीवर काय बघायचं? स्वस्त नव्या रिसीव्हरला बहुतेक वेळा एकच प्री-आउट असतो, सबवूफरचा. तो आपल्या कामाचा नाही. पुढचे दोन, मधला आणि मागचे दोन असे पाचही प्री-आउट हवेत. हे साधारण वरच्या किमतीच्या मॉडेलांत मिळतात, आणि म्हणूनच दहा-पंधरा वर्षांपूर्वीचं वरचं मॉडेल जुन्यात घेणं हा माझ्या मते सगळ्यांत शहाणा मार्ग आहे. अशा डब्याचा आतला एखादा चॅनल गेलेला असेल तर विक्रेता रडकुंडीला येऊन विकतो. आपल्याला आतली ताकद नकोच आहे. फक्त प्री-आउटमधून सगळे चॅनल स्वच्छ येतात का, आणि बिघाडामुळे डबा मधेच स्वतःला बंद करत नाही ना, हे दुकानातच ऐकून घ्या.

जुन्या रिसीव्हरची भीती घालतात ती एचडीएमआयची. २००६ च्या १.३ आवृत्तीपासून डॉल्बी ट्रूएचडीसारखे पूर्ण आवाज त्या तारेतून जाऊ लागले, तेव्हा त्यानंतरचा डबा आवाजासाठी पुरतो. फोर-के चित्र त्यातून जाणार नाही, तर चित्र थेट टीव्हीला द्या आणि आवाज ऑप्टिकल तारेने परत आणा. ऑप्टिकलमधून साधं डॉल्बी डिजिटल, डीटीएस जातं, ट्रूएचडी नाही. आमच्या बारा बाय दहाच्या खोलीत, बाहेरून रिक्षांचा आवाज येत असताना, हा फरक कुणाला कळेल असं मला वाटत नाही.

व्होल्टचा हिशोब मात्र चुकवू नये. पॉवर अ‍ॅम्पला पूर्ण ताकदीसाठी साधारण एक ते दीड व्होल्ट लागतात. रिसीव्हरचा प्री-आउट तेवढा स्वच्छ देतो का ते बघा, नाहीतर आवाज वाढवला की फाटतो आणि शिव्या बिचाऱ्या अ‍ॅम्पला बसतात. मंडपवाल्याचा जुना अ‍ॅम्प वापरणारे मित्रही आहेत. त्यात ७० आणि १०० व्होल्ट लाइनचे वेगळे टर्मिनल असतात, ते लांब वायरीवरच्या भोंग्यांसाठी. घरचा स्पीकर तिथे चुकूनही जोडू नका; चार किंवा आठ ओहमच्या टर्मिनलला जोडा. आणि जुन्या वस्तीतल्या घरात अर्थिंग धड नसतं, तेव्हा घूंऽ असा आवाज आला तर आधी सगळे डबे एकाच बोर्डावर घ्या. अर्थची पिन कापून आवाज घालवणारे मिस्त्री भेटतात, त्यांना चहा पाजून परत पाठवा.

वेगळा प्रोसेसर घ्यावा का, असं काही जण विचारतात. ज्याला परवडतो त्याने जरूर घ्यावा. माझ्या बजेटात तो तिप्पट होता. शेवटी घेतला तो एक जुना रिसीव्हर, सातपैकी दोन चॅनल मुके, पाठीवर प्री-आउटची पूर्ण रांग. पुढचे दोन चॅनल सॅन्सुईच्या मेन-इनला जातात, मागचे दुसऱ्या अ‍ॅम्पला, मधला रिसीव्हर स्वतः सांभाळतो. मुलं समाधानी आहेत. अब्बांनी मात्र त्यावर पहिल्या रात्री लावली ती कव्वाली, दोनच स्पीकरवर.