खानदेशातील फड पद्धत
पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर दगडी बंधारे घालून पाटाने पाणी देण्याची फड पद्धत धुळे-नाशिक भागात ३०० वर्षांहून अधिक काळ चालत आली. भिजणाऱ्या जमिनीचे तीन-चार फड पाडत आणि एका फडात सर्वांचे पीक एकच असे. पाणी कमी दिसले की एखादा फड पडीक ठेवत. बहुतेकांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी असल्याने तूट सर्वांत वाटली जाई. लहान शेतकऱ्याला याहून न्याय्य व्यवस्था क्वचितच मिळाली असेल. पाटकरी पाणी देई, जागल्या पिके राखी. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला धरणे झाली, विहिरींचा उपसा वाढला, प्रवाह रोडावला. आता पाऊस मोजक्या दिवसांत कोसळतो आणि मध्ये लांब खंड पडतो. पूर बंधाऱ्यावरून निघून जातो. पाटाला लागणारे संथ, टिकाऊ पाणी मात्र उरत नाही.