पूर वाळू हलवतो, घडवत नाही

‘दरसाल पूर येतो, खड्डे भरतात, मग उपसा केला तर बिघडले कुठे?’ प्रवरा आणि मुळा या नद्यांच्या काठी हा युक्तिवाद ठेकेदारापासून ग्रामसभेपर्यंत सर्रास ऐकू येतो. तो निराधार नाही. मे महिन्यात पुरुषभर खोल असलेला खड्डा दसऱ्यापर्यंत अनेकदा खरोखरच बुजतो आणि त्यावर नवा वाळूपट्टा दिसतो. निरीक्षण खरे आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

वाळूचा दाणा तळालगत लोळत, उड्या मारत सरकतो. वेग मंदावला की थांबतो. वाऱ्याने सरकणारी वाळूही अशाच उड्या घेते, हे वाळूचे अभ्यासक बॅग्नॉल्ड यांनी 1941च्या ग्रंथात दाखवले. म्हणजे वारा काय, पाणी काय, असलेल्या वाळूला आकार देतात. असलेली वाळू किती जुनी असू शकते, याचे उदाहरण पाहा: मुंबईसमोरच्या समुद्रबूड जमिनीच्या बाहेरच्या भागातली वाळू आजच्या नद्यांनी नेलेली नाही. हिमयुगाच्या अखेरीस समुद्र सुमारे शंभर मीटर खाली होता, त्या काळच्या उथळ पाण्यातली ती शिल्लक आहे.

मग खड्डा भरतो कशाने? खड्ड्याच्या वरच्या कडेशी पाणी उतारावरून वेगाने उतरते आणि ती कड खात मागे सरकते. तिथली वाळू खड्ड्यात येते. वाळू खड्ड्यात टाकून पुढे गेलेले पाणी आपली भूक खालच्या पात्रावर भागवते. एक खड्डा बुजतो, पण मैलभर पात्र खचते. पुलांचे पाये उघडे पडतात, काठच्या विहिरींचे पाणी उतरते.

‘पण डोंगरातून नवी वाळू येतेच ना?’ प्रवरेवर 1926पासून भंडारदरा धरण आहे, खाली निळवंडे. मुळेवर 26 टीएमसीचे मुळा धरण. प्रवरेच्या उपनद्यांपैकी आढळेवर देवठाण, म्हाळुंगीवर भोजापूर. दारांतून सुटणारे गढूळ पाणी बारीक गाळ आणते. जाड वाळू जलाशयाच्या तोंडाशीच बसते. धरणांखालचे ओढे थोडी भर घालतात, हे मान्य. पण आपला काळा पाषाण झिजून मुख्यतः चिकणमाती होते. प्रवरेची मूठभर वाळू चाळून पाहा: काळ्या दगडाचे कण, पांढरे कंकर, क्वचित गारगोटी. यातले बरेचसे जुन्या काठांतून सुटलेले असते. नेवाशाला पुरातत्त्वज्ञ सांकलियांना 1954-56च्या सुमारास अश्मयुगीन हत्यारे मिळाली ती प्रवरेच्या अशाच जुन्या थरांत. आपण पुरातन ठेव मोडतो आहोत आणि तिला व्याज म्हणतो आहोत.

वाळू राज्याच्या 2023च्या धोरणाप्रमाणे 600 रुपये ब्रासने द्यायची की लिलावाने, हा वाद त्यानंतरचा. केंद्राच्या 2020च्या मार्गदर्शक सूचना पुनर्भरणाचा अभ्यास मागतात. तो खड्ड्याशी उभे राहून होत नाही. पावसाळ्याआधी आणि नंतर, दोन बंधाऱ्यांमधल्या सबंध पात्राची पातळी मोजावी आणि निव्वळ भर पडली असेल तेवढाच उपसा मंजूर करावा. धरणाखालच्या पात्रात हा आकडा शून्य गृहीत धरावा; तो शून्याहून अधिक आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी उपसा मागणाऱ्याची.