पपनसाचे सरबत आणि नाटकाचा कायदा

बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत मल्हारराव गायकवाडांची कथा आजही सांगितली जाते. ९ नोव्हेंबर १८७४ रोजी सकाळी फिरून आलेल्या रेसिडेंट कर्नल फेअर याने नेहमीप्रमाणे ठेवलेले पपनसाचे सरबत दोन घोट घेतले, चव बरी वाटेना म्हणून उरलेले फेकून दिले आणि पेल्याच्या तळाशी गाळ पाहिला. तपासणीत त्यात सोमल आणि हिऱ्याची पूड निघाली. तेथून पुढे घडले ते सर्वश्रुत आहे. पण याच सरबताचा एक धागा पुढे थेट आपल्या रंगभूमीच्या गळ्याशी जाऊन पोहोचला, हे मात्र फारसे बोलले जात नाही. आम्हांला तो धागा उलगडून पाहावासा वाटतो.

१८७५ च्या फेब्रुवारीत चौकशी मंडळ बसले. बंगालचे मुख्य न्यायाधीश सर रिचर्ड काउच अध्यक्ष. त्यांच्यासह तीन इंग्रज आणि तीन हिंदी सभासद. हिंदी सभासदांत ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि ग्वाल्हेरचे माजी दिवाण सर दिनकरराव. ग्वाल्हेरच्या वाचकांना ही दोन नावे नव्याने सांगायला नकोत. महाराजांच्या बचावासाठी थेट लंडनहून सार्जंट बॅलंटाइन हे नामांकित वकील आले. तिघा इंग्रजांनी आरोप सिद्ध मानला, तिघा हिंदी सभासदांनी मानला नाही. तीनास तीन! यावर सरकारने काय करावे? विषप्रयोगाचा मुद्दा बाजूला ठेवून, घोर गैरकारभार या कारणाने एप्रिल १८७५ मध्ये मल्हाररावांना पदच्युत केले आणि मद्रासला पाठविले. मल्हाररावांचा कारभार चांगला होता असे आमचे मुळीच म्हणणे नाही, तो नव्हता. पण जे चौकशीत सिद्ध झाले नाही ते हुकमाने उरकले, एवढे ध्यानात ठेवावे.

या प्रकरणाने सगळा देश ढवळून निघाला होता आणि कलकत्त्याच्या बंगाली रंगभूमीने ते लगेच उचलले. तरुण नट अमृतलाल बसू यांनी त्याच वर्षी ‘हीरकचूर्ण’ हे नाटक लिहिले. नावातच हिऱ्याची पूड! एका मराठी राजाची कैफियत बंगाली नाटककाराने मांडावी, हे तेव्हाच्या हिंदुस्थानात घडत होते.

कलकत्त्याच्या ग्रेट नॅशनल थिएटरची मंडळी एवढ्यावर थांबणारी नव्हती. १८७६ च्या जानेवारीत प्रिन्स ऑफ वेल्स कलकत्त्यास आले असता जगदानंद मुखर्जी या वकिलांनी त्यांना आपल्या घरी बोलावून अंतःपुरात स्त्रियांकरवी त्यांचे स्वागत केले. शहरात गवगवा झाला आणि फेब्रुवारीत ‘गजदानंद ओ युवराज’ हे प्रहसन रंगभूमीवर आले. पोलिसांनी ते थांबविताच मंडळींनी त्याचे नाव बदलून ‘हनुमानचरित्र’ केले. मग पोलिसांचीच खिल्ली उडविणारे प्रहसनही झाले. २९ फेब्रुवारीला व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनी वटहुकूम काढला. मल्हाररावांना पदच्युत करणारे व्हाइसरॉयही तेच.

मार्चमध्ये ‘सुरेंद्र-विनोदिनी’ नाटकावर अश्लीलतेचा आरोप ठेवून मंडळींना पकडण्यात आले. उपेंद्रनाथ दास आणि ‘हीरकचूर्ण’कर्ते अमृतलाल बसू यांना एकेक महिन्याची साधी कैद सुनावली गेली. उच्च न्यायालयाने मात्र दोघांना सोडून दिले. पुन्हा तोच पेच! न्यायासनापुढे आरोप टिकत नाही. तेव्हा आरोप सिद्धच करावा लागू नये अशी तजवीज झाली. १६ डिसेंबर १८७६ रोजी नाट्यप्रयोगांचा कायदा मंजूर झाला. निंदाजनक, राजद्रोही वा नीतिभ्रष्ट करणारा प्रयोग आहे असे सरकारचे ‘मत’ झाले की बंदी. हुकूम मोडणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद वा दंड. सरबतानेच हा कायदा घडविला असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. चहामळ्यांतील अत्याचारांवरचे ‘चाकरदर्पण’ हे नाटक सरकारच्या डोळ्यांत जास्त खुपत होते. पण बडोद्यात जी रीत वापरली गेली तीच येथे कायद्यात उतरली, असे आमचे मत आहे.

या कायद्यात एक गमतीचे कलम होते. धार्मिक उत्सवांतील जत्रा व तत्सम खेळांना तो लागू नव्हता. पौराणिक कथेत सरकारला भय वाटले नसावे. तीस वर्षांनी ते वाटले. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ मध्ये रंगभूमीवर आले. कथा महाभारतातलीच, पण प्रेक्षकांनी कीचकात लॉर्ड कर्झन पाहिला, द्रौपदीत परतंत्र हिंदुस्थान, युधिष्ठिरात मवाळ आणि भीमात जहाल. प्रयोग देवळाच्या अंगणात नव्हे, तिकीट लावून नाट्यगृहात होत होते. जत्रेची सवलत त्यांच्या उपयोगाची नव्हती. १९१० मध्ये मुंबई सरकारने नाटकावर बंदी घातली. कीचक म्हणजेच कर्झन, हे कोणत्याही न्यायालयात सिद्ध करण्याची सरकारला गरज पडली नाही. पडती, तर तो खटला मोठा रंगतदार झाला असता!

इंग्रज गेले, कायदा राहिला. १९५३ मध्ये लखनौला इप्टाच्या कलावंतांनी प्रेमचंदांच्या ‘ईदगाह’ कथेवरचे नाटक केले आणि त्यांच्यावर याच कायद्याखाली खटला झाला. ईदगाह! आजीसाठी चिमटा विकत घेणाऱ्या पोराची गोष्ट. १९५६ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने हा कायदा घटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत ठरविला. इतर राज्यांत मात्र तो पुस्तकात तसाच राहिला.

महाराष्ट्रात तोवर दुसरी वाट तयार झाली होती. तेथे नाटकाची संहिता आधीच परिनिरीक्षण मंडळापुढे ठेवावी लागे. १९७२ मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘सखाराम बाइंडर’ या कात्रीत सापडले. दिग्दर्शक कमलाकर सारंग गप्प बसले नाहीत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि ते जिंकले. नाटकवाल्याने स्वतः होऊन सरकारला न्यायालयात खेचावे, हे अमृतलाल बसूंच्या काळी कोणाच्या स्वप्नातही आले नसते. सारंगांनी हा सारा लढा ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. संहितेच्या या पूर्वतपासणीलाच पुढे २०१६ मध्ये अमोल पालेकरांनी उच्च न्यायालयात आव्हान दिले.

१८७६ चा कायदा संसदेने रद्द केला तो २०१८ मध्ये, कालबाह्य कायद्यांच्या एका लांबलचक यादीत घालून. त्याच धर्तीवर मद्रास राज्याने १९५४ मध्ये केलेला कायदा त्याआधीच, २०१३ मध्ये, मद्रास उच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला होता. मद्रास, जेथे मल्हारराव गायकवाड स्थानबद्धतेत १८८२ मध्ये वारले.