मिठाचं मडकं ते डीएमएक्स: जत्रेच्या नाटकातला उजेड

आमच्या गावच्या नाट्यमंडळाच्या जुन्या हिशेबवहीत प्रकाशाच्या खर्चाखाली 'मीठ' अशी नोंद आहे. एकदा नव्हे, लागोपाठ चार वर्षं. वही प्रथम हाती आली तेव्हा मला वाटलं की लिहिणाऱ्याने रकाना चुकवला असावा, जेवणाचा खर्च दिव्यांत पडला असावा. पण त्याच रकान्यात मीठाच्या वर 'फ्यूज तार' आणि खाली 'मडकी ३' असं होतं. तेव्हा लक्षात आलं की हे मीठ पानात वाढलेलं नाही, ते रंगमंचावर सूर्यास्त करायला वापरलेलं आहे.

फोंडा तालुक्यातलं आमचं गाव. देवळाच्या जत्रेला मराठी नाटक झालंच पाहिजे, आणि ते गावकऱ्यांनीच केलं पाहिजे, हा गोव्यातल्या कित्येक गावांसारखा आमचाही रिवाज. या नाटकांच्या इतिहासावर लिहिताना आपण नट, गायक, पेटीवाले यांची नावं गोळा करतो. पडदे रंगवणाऱ्याचं नाव एखाद्या वेळी सापडतं. दिवे सांभाळणारा मात्र कुठेच नसतो. मी स्वतः विद्युत अभियंता, नोकरीची पंचवीस वर्षं सबस्टेशनांत गेली, त्यामुळे माझी नजर त्याच्याकडे गेली हे साहजिक आहे.

मुक्तीपूर्वीच्या काळात खेड्यापाड्यांत वीज नव्हती. नाटक पेट्रोमॅक्सवर व्हायचं. ही रॉकेलची दाबाची बत्ती जर्मनीत १९१० च्या सुमारास बाजारात आली, आणि तिची जाळी ही ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाखची करामत. उजेड लख्ख, पण एक अडचण: ती मंद करता येत नाही. एकतर पूर्ण पेटलेली किंवा विझलेली. आमच्याकडे यावर तोडगा असा होता की बत्ती कप्पीवरून दोरीने टांगायची आणि रात्र दाखवायची असली की विंगेमागे खाली सोडायची. माझ्या लहानपणी वीज आली होती तरी दोन बत्त्या पेटवून तयार ठेवलेल्या असत, कारण नाटकाच्या मध्यावर वीज जाणार हे ठरलेलंच. बत्ती पुढे आणणारा मुलगा सर्वांत जास्त टाळ्या घ्यायचा.

उजेड हळूहळू कमी-जास्त करणं ही साधी गोष्ट वाटते, पण रंगभूमीच्या इतिहासात तेच सर्वांत अवघड काम होतं. युरोपात गॅसचे दिवे आले तेव्हा सगळ्या नळ्यांच्या चाव्या एका ठिकाणी आणून एकाच माणसाने सगळा मंच काळोखा करण्याची सोय झाली. आजच्या लाइट बोर्डाची आजी म्हणजे तो गॅसच्या चाव्यांचा टेबल. लंडनच्या सॅव्हॉय थिएटरमध्ये १८८१ साली विजेचे सुमारे १२०० दिवे लागले. लोक विजेला घाबरत, म्हणून मालक रिचर्ड डॉयली कार्टने पेटता बल्ब कापडात धरून मंचावर फोडून दाखवला. दिवे आले, पण मंद कसे करायचे हा प्रश्न पुन्हा नव्याने उभा राहिला. त्यावरच्या पहिल्या उत्तरांपैकी एक होतं पाण्यातला रोध. म्हणजे आमचं मडकं.

त्याची रचना सोपी. मातीच्या मडक्यात मिठाचं पाणी. तळाशी एक पत्रा, त्याला एक तार. दुसरा पत्रा दोरीला बांधून वर टांगलेला, त्याला दुसरी तार. दिव्याकडे जाणारा प्रवाह या पाण्यातून जातो. वरचा पत्रा खाली सोडला की दोन पत्र्यांतलं अंतर कमी होतं, रोध कमी होतो, दिवा उजळतो. वर ओढला की मंद होतो. मीठ जास्त टाकलं तर रोध आणखी उतरतो. पाणी तापतं, वाफ येते, आणि सगळं उघडं, २३० व्होल्टचं. मडकं लाकडी फळीवर ठेवायचं आणि चालवणाऱ्याने पायात रबरी चप्पल घालायची, एवढीच काय ती सुरक्षितता. मी अभियंता म्हणून सांगतो, हे कोणी घरी करून पाहू नये. पण काम चोख व्हायचं. उजेड असा सुळकन उतरे की त्याला कुठे पायरी म्हणून दिसत नसे.

या मडक्यांचे शेवटचे चालक अजून आमच्यात आहेत. वय ८० च्या पुढे. गावात सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही तेच म्हणतो. हिशेबवहीतलं मीठ मी त्यांना दाखवलं तेव्हा ते हसले आणि आतून एक वेगळीच वही घेऊन आले. शाळकरी, लाल पुठ्ठ्याची, कडा वाळवीने खाल्लेल्या. तीत प्रत्येक नाटकाचे उजेडाचे बदल ओळीने लिहिलेले आहेत. कुठे 'मडकं २, ५०० चा', कुठे 'मडकं १, हजारचा'. हे मला आधी कळलं नव्हतं. पाण्याच्या रोधाचा एक दोष असा की तो दिव्याच्या वॅटवर अवलंबून असतो. जे मडकं १००० वॅटचा दिवा बरोबर मंद करतं, त्याला ५०० चा लावला तर तो पुरता मालवत नाही, कारण त्याच रोधावर कमी प्रवाहाच्या दिव्याचा दाब तितका उतरत नाही. मामांनी ओहमचा नियम शाळेत शिकलेला नव्हता. त्यांनी मडक्यांना नंबर दिले आणि प्रत्येकात वेगळं मीठ टाकलं.

पुढे डिमरस्टॅट आले. वाटोळ्या लोखंडावर गुंडाळलेली तार आणि तिच्यावर फिरणारा कार्बनचा ब्रश, वर एक मोठी चकती. अमेरिकेतल्या जनरल रेडिओ कंपनीने १९३० च्या दशकात हा प्रकार 'व्हेरिॲक' नावाने काढला होता. आपल्याकडे मात्र डिमरस्टॅट हेच नाव रुळलं. तो वॅटचं बंधन पाळत नाही आणि तापतही नाही. पण एका चकतीला एक हात लागतो. सहा चकत्या एकदम फिरवायच्या तर दोन हात, एक कोपर आणि शेजारी बसवलेला पुतण्या. मामांच्या वहीत काही बदलांपुढे कंसात 'दोघे' असं लिहिलेलं आहे, ते यासाठी.

जग मात्र या काळात बरंच पुढे गेलं होतं. लंडनमध्ये फ्रेड बेंथमने १९३५ साली ऑर्गनच्या कन्सोलवरून दिवे चालवण्याची सोय केली, म्हणजे दिवेवाला वादकासारखा पट्ट्यांपुढे बसला. अमेरिकेत येल विद्यापीठात जॉर्ज आयझेनावरने १९४७ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक नळ्यांचे डिमर केले, त्यात पुढच्या प्रसंगाचा उजेड आधीच लावून ठेवता येई. जनरल इलेक्ट्रिकचा थायरिस्टर १९५७ साली आला आणि डिमर एकदम लहान, स्वस्त झाले. १९७५ साली ब्रॉडवेवर 'अ कोरस लाइन' या नाटकासाठी थॅरन मसर यांनी स्मरणशक्ती असलेला बोर्ड वापरला. तिथला तो पहिला. आपल्या देशात तापस सेन यांनी उत्पल दत्तांच्या 'अंगार' नाटकात, १९५९ साली, खाणीत पाणी भरत चालल्याचा भास निव्वळ उजेडातून उभा केला. त्यांच्याकडे असला एकही बोर्ड नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे तरुण मुलं 'बोर्ड भारी असला की उजेड भारी' असं समजतात.

थायरिस्टरचे डिमर आमच्या भागात भाड्याने मिळू लागले तेव्हा मी कॉलेजात होतो. ते प्रत्येक अर्ध्या आवर्तनात, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, प्रवाह तोडून जोडतात. दिवा नीट मंद होतो, पण ती तोडजोड ध्वनिक्षेपकात शिरते. आमच्याकडे गायकाचा माइक लागला की खाली घूं घूं असा आणखी एक सूर लागायचा, आणि पेटीवाले चिडायचे. दिवे एका फेजवर आणि ध्वनी दुसऱ्या फेजवर घेतला तेव्हा कुठे तो थांबला.

आता डीएमएक्स. अमेरिकेतल्या रंगभूमी तंत्रज्ञांच्या संस्थेने, यूएसआयटीटीने, १९८६ साली हा करार आखला. त्याआधी बोर्डापासून प्रत्येक डिमरला वेगळी तार जायची. डीएमएक्समध्ये एकाच तारेतून ५१२ चॅनेल जातात, प्रत्येकात ० ते २५५ मधला एक आकडा. सगळे ५१२ भरले तर ही यादी सेकंदाला सुमारे ४४ वेळा वाचून दाखवली जाते. तार पहिल्या दिव्यात, तिथून दुसऱ्यात, अशी माळ. प्रत्येक दिव्याने आपला नंबर ओळखायचा आणि तेवढंच ऐकायचं. दिवा उलट काही बोलत नाही. ऐकलं की नाही, हेही नाही.

गेल्या जत्रेला गावाने 'मत्स्यगंधा' करायचं ठरवलं. वसंत कानेटकरांचं हे नाटक १९६४ साली धि गोवा हिंदु असोसिएशनने रंगभूमीवर आणलं, संगीत अभिषेकीबुवांचं, म्हणजे मंगेशीचं. आमच्या मंडळाने ते पूर्वी दोनदा केलेलं होतं आणि मामांच्या वहीत त्याची साडेतीन पानं होती. या वेळी भाड्याने एलईडी पार १२ आणि एक लहान बोर्ड आणला. प्रोग्रॅमिंग माझ्याकडे आलं.

पत्ते द्यायचं काम मी घरी कागदावर केलं. प्रत्येक पारला ७ चॅनेल, म्हणून पहिल्याचा पत्ता १, दुसऱ्याचा ८, तिसऱ्याचा १५, असं करत बाराव्याचा ७८. मागच्या बारीक स्विचांवर ७८ म्हणजे ६४, ८, ४ आणि २, तेव्हा दुसरा, तिसरा, चौथा आणि सातवा वर करायचा. सगळं जमलं असं वाटलं. संध्याकाळी देवळाच्या मांडवात सहावा लाइट चढवला की पाचवा पिसाळल्यासारखा लुकलुकायला लागे. तासभर तारा बदलल्या. शेवटचा दिवा संपतो तिथे १२० ओहमचा रोध लावायचा असतो, तो लावला. उपयोग नाही. मग पाचवा खाली उतरवून पाहिला तर तो दुसऱ्याच बनावटीचा, ७ नाही तर ८ चॅनेलचा. त्याचा पत्ता २९, म्हणजे त्याचं आठवं चॅनेल ३६, आणि ३६ हा सहाव्याचा पहिला आकडा, उजेडाचा. पाचव्याचं आठवं चॅनेल होतं लुकलुकण्याचं. सहाव्याला 'उजळ' म्हटलं की पाचव्याला 'लुकलुक' ऐकू जात होतं. त्याला माळेतच ठेवून पत्ता तेवढा १०० दिला आणि प्रश्न मिटला.

यमुनाकाठच्या प्रवेशातला संधिप्रकाश मात्र मिटला नाही. मी ४० सेकंदांत उजेड २० टक्क्यांवरून शून्यावर आणला. २० टक्के म्हणजे ५१ पायऱ्या. ४० सेकंदांत ५१, म्हणजे एक पायरी पाऊण सेकंदाहून जास्त रेंगाळते. तापलेली तार ही पायरी लपवते, कारण तिला निवायला वेळ लागतो. एलईडीला तो धीर नाही. पडद्यावर उजेड जिना उतरल्यासारखा उतरत होता. मांडवात खुर्ची टाकून बसलेले मामा काही बोलले नाहीत, फक्त वही उघडून माझ्यापुढे धरली. त्या ठिकाणी सेकंद लिहिलेलेच नव्हते. लिहिलं होतं पदातल्या दुसऱ्या अंतऱ्याचा पहिला शब्द, आणि समासात एक 'व'.

"मामा, हा 'व' कसला?"

"वन्समोर."

गावात गायकाला वन्समोर मिळणार हे धरूनच त्यांनी उजेड आखला होता. पद परत सुरू झालं तर दोरी तिथेच धरून ठेवायची, अंधार अर्ध्यावर थांबवायचा. माझा बोर्ड मात्र एक क्यू संपला की दुसरा आपोआप सुरू करणार, मग गायक मंचावर गात असो की आत गेलेला असो. रंगीत तालीम दिव्यांसह होणार नव्हती. आमच्याकडे दिवे जत्रेच्या दिवशीच येतात. म्हणजे वन्समोर किती मिळतील हे मला प्रयोगाच्या रात्रीच कळणार.

मामांनी विचारलं, "तुजें यंत्र गाणें आयकता?"

आपोआप पुढे जाणारे सगळे क्यू मी काढून टाकले. संधिप्रकाश एका वेगळ्या फेडरवर घेतला, फक्त हाताने चालणारा. मागच्या पडद्यावर जुने हजार वॅटचे दोन हॅलोजन लावले, तारेचे, आणि पायऱ्या त्यांनी गिळल्या. त्या रात्री पदाला दोन वन्समोर मिळाले. फेडर मी धरला होता, पण कधी सोडायचा ते मामांच्या मानेकडे बघून.

प्रयोगानंतर बोर्डावरची फाइल मी पेनड्राइव्हवर घेतली. वीस वर्षांपूर्वीच्या एका नाटकाची अशीच फाइल माझ्याकडे फ्लॉपीवर आहे. ती उघडणारा बोर्ड आता भाड्यानेही मिळत नाही, आणि त्या प्रयोगाच्या उजेडाचं दुसरं टिपण मी कुठेच ठेवलं नव्हतं. म्हणून या वेळी सगळे क्यू हाताने वहीत उतरवले, मामांच्याच वहीत, त्यांच्या 'मत्स्यगंधा'च्या साडेतीन पानांनंतर. त्यांनी ती मला दिली तेव्हा एकच अट घातली, की शेवटची दोन कोरी पानं फाडायची नाहीत.

वहीची आणि हिशेबवहीची छायाचित्रं आपल्या मंडळाकडे दिली आहेत. सदस्यांच्या गावी अशा वह्या असतील तर त्या हिशेबांच्या गठ्ठ्यात नव्हे, दिवे भाड्याने देणाऱ्यांच्या आणि जुन्या वायरमनांच्या घरी शोधाव्यात. आमच्या तालुक्यात मी सहा गावं फिरलो. दोन ठिकाणी वही गेल्याच वर्षी रद्दीत गेली होती. एका घरी वही नव्हती, पण माळ्यावर मडकं होतं, आतून पांढरं पडलेलं. घरच्यांना ते कशाचं हे माहीत नव्हतं. मी बोट लावून चाखलं, अजून खारट होतं.