हरिभाऊ आपटे : कागदपत्रांच्या आधी आलेला कादंबरीकार

मागच्या व्याख्यानांमध्ये आपण बखरी आणि पोवाडे यांचा इतिहासाची साधनं म्हणून विचार केला. आज त्याच्या पुढचा टप्पा. सामान्य मराठी माणसाच्या मनातला शिवकाल बखरीतून थेट आलेला नाही, आणि इतिहाससंशोधकांच्या ग्रंथांतून तर फारच थोडा आला. तो मोठ्या प्रमाणात आला कादंबरीतून. ही वाट ज्यांनी रुळवली ते हरि नारायण आपटे, म्हणजे हरिभाऊ.

सुरुवातीला एक घोटाळा दूर करू. हरि नारायण आपटे वेगळे आणि नारायण हरि आपटे वेगळे. ‘कुंकू’ हा चित्रपट ज्यांच्या कादंबरीवरून निघाला ते नारायण हरि. आपले हरिभाऊ त्यांच्या आधीच्या पिढीतले.

हरिभाऊंचा जन्म ८ मार्च १८६४ रोजी खानदेशातल्या पारोळ्याला झाला. पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलमध्ये ते चिपळूणकर, आगरकर यांच्या हाताखाली शिकले. १८८२ साली विष्णुशास्त्री चिपळूणकर वारले, तेव्हा या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्यांच्यावर विलापकाव्य लिहिलं. पुढे ते डेक्कन कॉलेजात गेले, पण गणितानं दगा दिला आणि पदवी काही हाती लागली नाही. त्यांचे काका महादेव चिमणाजी आपटे हे मुंबईत हायकोर्टाचे वकील. त्यांनी १८८८ साली पुण्यात आनंदाश्रम ही संस्था काढली. संस्कृत हस्तलिखितं जमवायची आणि शुद्ध करून छापायची, हे तिचं काम. तिची व्यवस्था हरिभाऊंकडे आली. म्हणजे बघा, दिवसा जुन्या पोथ्यांचा कारभार आणि उरलेल्या वेळात कादंबरी, असं हे आयुष्य आहे.

१८८५ साली ‘मधली स्थिती’ ही त्यांची पहिली कादंबरी आली. तिला रेनॉल्ड्स या इंग्रज लेखकाचा आधार होता. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केलं. इथून पुढचं त्यांचं बहुतेक लेखन या साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं छापलं गेलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण हरिभाऊंचे गुण आणि दोष दोन्ही तिथून येतात. दर आठवड्याला मजकूर द्यायचा, वाचकाला पुढच्या अंकापर्यंत अडकवून ठेवायचं. त्यामुळे रहस्यं, वेषांतरं, भुयारं, मध्येच वाचकाशी गप्पा आणि पुष्कळ पाल्हाळ. काही कादंबऱ्या तर पुऱ्याच झाल्या नाहीत. ‘सूर्यग्रहण’ अपुरी राहिली, ‘कालकूट’ही.

त्यांच्या आधी मराठीत ऐतिहासिक कादंबरी नव्हती असं नाही. रामचंद्र भिकाजी गुंजीकरांची ‘मोचनगड’ १८७१ पासून ‘विविधज्ञानविस्तार’मध्ये येऊ लागली होती. खुद्द हरिभाऊंची या प्रकारातली पहिली कादंबरी ‘म्हैसूरचा वाघ’ ही टिपू सुलतानावरची, आणि तिचा आधार मेडोज टेलर या इंग्रजाच्या कादंबरीचा. म्हणजे सुरुवात उसनवारीचीच. स्वतःच्या पायावर ते उभे राहिले ते ‘उषःकाल’मध्ये, १८९५ ते १८९७ या काळात.

आता या तारखा जरा बाकीच्या घटनांशेजारी ठेवून पाहू. लोकमान्य टिळकांनी रायगडाच्या जीर्णोद्धाराची चळवळ हाती घेतली १८९५ मध्ये. पुण्यात प्लेग, रँडवरचा हल्ला आणि टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला, हे १८९७ साल. याच दिवसांत ‘करमणूक’मध्ये आठवड्याला एका प्रकरणानं स्वराज्याची सकाळ उजाडत होती. त्यानंतर लगेच आलेल्या कादंबरीचं नावच ‘केवळ स्वराज्यासाठी’. तिचा विषय जुना होता, पण वाचणाऱ्याला तो शब्द कुठल्या काळाचा वाटला असेल, हे आम्ही वेगळं सांगायला नको.

पण ‘उषःकाल’ला नुसता वीररसाचा धडा समजलं तर तिचं खरं बळ हातून निसटतं. तिच्या मुळाशी एका घरातला ताण आहे. रंगराव अप्पा हे विजापूरच्या बादशाहीचे इमानी किल्लेदार, आणि त्यांचा मुलगा नानासाहेब शिवाजी महाराजांकडे ओढला गेलेला. बापाच्या दृष्टीनं खाल्ल्या मिठाला जागणं हाच धर्म. मुलाच्या दृष्टीनं ते मीठच परक्याचं. हरिभाऊ बापाला खलपुरुष करत नाहीत. हा संघर्ष त्यांनी जवळून पाहिलेला होता. संमतिवयाच्या वादानं १८९१ मध्ये पुण्यातली घरं दुभंगली होती, आणि त्याच सुमारास ते ‘पण लक्षांत कोण घेतो?’मध्ये यमूची कहाणी लिहीत होते. वडीलधाऱ्यांचा मान राखायचा की न्यायाची बाजू घ्यायची, हा प्रश्न त्यांच्या सामाजिक आणि ऐतिहासिक, दोन्ही कादंबऱ्यांत एकच आहे.

आता इतिहासाचा मुद्दा. हरिभाऊ ‘उषःकाल’ लिहायला बसले तेव्हा राजवाड्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड यायचा होता, तो आला १८९८ मध्ये. न्यायमूर्ती रानड्यांचं मराठी सत्तेच्या उदयावरचं पुस्तक १९०० चं. भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं १९१० मध्ये. हरिभाऊंच्या हाताशी मुख्यतः बखरी, पोवाडे आणि ग्रँट डफ. म्हणजे अस्सल कागद उजेडात येण्याआधीच कादंबरीनं चित्र रंगवून टाकलं होतं. नंतर कागद आले, पण ते चित्र पुसलं गेलं नाही.

याचं उत्तम उदाहरण ‘गड आला पण सिंह गेला’. कोंढाणा घेतला गेला तो फेब्रुवारी १६७० मध्ये. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासद बखरीत तानाजींच्या मृत्यूनंतर महाराजांचे उद्गार आहेत, पण तिथे सिंह नाही. एक गड मिळाला आणि एक गड गेला, असा त्यांचा आशय आहे. तानाजी हाच एक गड! शिवाय ‘सिंहगड’ हे नाव १६७० च्या आधीच्या कागदांतही सापडतं. कादंबरीतली कमलकुमारीही सभासदात नाही. तरी १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांनी ‘सिंहगड’ काढला आणि १९३३ मध्ये शांतारामबापूंनी, ते हरिभाऊंच्याच कथेवरून. आज गडावर जाणाऱ्या कुणालाही विचारा, सिंहाचंच वाक्य ऐकायला मिळेल.

मग हरिभाऊंनी इतिहासाचं नुकसान केलं का? आम्हाला तसं वाटत नाही. त्यांनी कादंबरीला कादंबरीच म्हटलं होतं. तिला पुरावा मानण्याची चूक नंतरच्या वाचकांची. उलट, लोकांना आपल्या भूतकाळाबद्दल कुतूहल वाटलं नसतं, तर राजवाड्यांसारख्यांना दप्तरं उघडून देणारी घरं किती मिळाली असती, हाही विचार करण्यासारखा प्रश्न आहे.

हरिभाऊ शिवकालातच अडकले नाहीत. ‘चंद्रगुप्त’मध्ये ते मगधात गेले, ‘रूपनगरची राजकन्या’मध्ये राजपुतान्यात, आणि ‘वज्राघात’मध्ये विजयनगरच्या विनाशापर्यंत. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. पुणे नगरपालिकेतही त्यांनी काम केलं. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात ते वारले, पंचावन्न वर्षं पूर्ण व्हायला पाच दिवस उरले होते.

श्रोत्यांना आमची एक सूचना आहे. ‘गड आला पण सिंह गेला’ जरूर वाचा, आणि लगेच सभासदातलं ते छोटंसं प्रकरणही वाचा. अर्ध्या तासाचं काम आहे. बखरकारानं काय सांगितलं आणि कादंबरीकारानं काय घातलं, याच्या दोन याद्या करा. पुढच्या व्याख्यानात आपण नाथमाधवांकडे वळणार आहोत, तेव्हा या याद्या उपयोगी पडतील.