सुलभ म्हणजे नेमकं कुणाला सुलभ?

आज एकच शब्द घेऊ: सुलभ.

तुम्ही हा शब्द शेवटचा कुठे वाचला, आठवा बरं. मोबाईलच्या दुकानावर, 'सुलभ हप्त्यांत मिळेल'. बसस्टँडवरच्या शौचालयावर. नाहीतर एखाद्या सरकारी पत्रकात, 'प्रक्रियेचे सुलभीकरण'. आमच्या महागावात बोलताना मात्र हा शब्द कुणी वापरत नाही, आम्ही सोपं म्हणतो. सोपं करण्यासाठी जो शब्द काढला, तोच मुळात अवघड. मला याचं कायम हसू येतं.

पण शब्द उघडून पाहिला की गंमत वेगळीच निघते. 'लभ्' म्हणजे मिळणं. सुलभ म्हणजे सहज मिळणारं, आणि त्याच्या उलट दुर्लभ. म्हणजे 'समजायला सोपं' हा अर्थ मागून आला. मूळ अर्थ आहे 'हाताला लागणारं'. मी कोड लिहितो, आणि आमच्या धंद्यात हे दोन्ही एकच धरले जातात. स्क्रीनवर तीन बटणांऐवजी एक ठेवलं की झालं सोपं! ते एक बटण कुणाच्या हातापर्यंत पोचतं, हे मीटिंगमध्ये सहसा कुणी विचारत नाही.

हा प्रश्न सातशे वर्षांपूर्वी विचारला गेला होता, तोही आपल्याच वऱ्हाडाकडच्या पंथात. महागावहून पैनगंगा ओलांडली की माहूर. तिथलं देवदेवेश्वर हे महानुभावांचं मोठं स्थान, ते तुम्हाला ठाऊक असेल. या पंथाचे चक्रधर स्वामी मराठीत बोलले, आणि म्हाइंभटांनी त्यांच्या आठवणी गोळा करून मराठीतच 'लीळाचरित्र' लिहिलं, सुमारे 1278 साली. चक्रधरांनंतर पंथ सांभाळला नागदेवाचार्यांनी. त्यांच्या शिष्यांत केसोबास हे मोठे संस्कृत पंडित. ते संस्कृतात रचना करू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात ती आठवण आहे. कारण काय दिलं? संस्कृत वाईट आहे असं ते म्हणाले नाहीत. तसं लिहिलं तर माझ्या म्हाताऱ्या बायका त्याला मुकतील, असा त्यांचा मुद्दा होता.

इथे जरा थांबा. 'सामान्य जनता' वगैरे गोल शब्द नाही वापरला त्यांनी. म्हाताऱ्या म्हणाले. ज्यांच्यापर्यंत पोचणं सगळ्यात कठीण, त्यांच्यापासून मोजायला सुरुवात केली. माझ्या मते मराठीतला सुलभीकरणाचा हा सगळ्यात नेमका विचार आहे, आणि त्यात तो शब्द कुठेच नाही!

पुढची गोष्ट तितकीच खरी. याच पंथाने नंतर आपल्या पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहिल्या. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, किल्ली माहीत असेल त्यालाच वाचता यावं अशी सोय. आजच्या भाषेत एन्क्रिप्शनच. पोथ्या जपल्या गेल्या, पण बाहेरच्यांना बंद झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाड्यांसारख्या संशोधकांनी ती लिपी उलगडली, तेव्हा कुठे हे गद्य सगळ्या महाराष्ट्राला वाचायला मिळालं. भाषा तीच, मराठीच. फक्त दार लावलेलं.

महाराष्ट्र राज्य झाल्यावर सरकारी मराठीचंही थोडंफार असंच झालं. इंग्रजी काढून कारभार लोकांच्या भाषेत आणायचा, हा हेतू चांगलाच होता. 1962 साली पदनाम कोश आला, आणि अत्र्यांनी त्याला 'बदनाम कोश' म्हटल्याचं आजही सांगतात. काही शब्द रुळले, संचालक आणि आयुक्त आता कुणाला खटकत नाहीत. पण तहसीलमध्ये माणूस अजून 'नक्कल' मागतो आणि कागदावर 'प्रत' असते. नक्कल मूळची अरबी, तरी जास्त सुलभ, कारण ती आधीच तोंडात बसलेली!

आता आजचं. सातबाऱ्यातला सात म्हणजे जमीन कुणाची, बारा म्हणजे तिच्यात पीक काय. हे पीक पूर्वी तलाठी नोंदवायचा, बरेचदा शेतात न जाताच, अशी तक्रार असायची. 15 ऑगस्ट 2021 पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली. शेतकऱ्याने स्वतः शेतात उभं राहून फोटो काढायचा आणि ॲपवर नोंद करायची. कल्पना मला मनापासून आवडते, आपलं पीक आपण सांगायचं. पण नोंद राहिली तर हमीभावाने कापूस-सोयाबीन विकताना अडतं. आणि शेतात रेंज नसते, हे काय नवीन सांगायचं?

आमचा सातबारा आजीच्या नावावर आहे. बांधापासून बांधापर्यंत तिला सगळं पाठ. कोणत्या तासाला तूर, कोणत्या तासाला पराटी, डोळे मिटून सांगेल. गेल्या खरिपात मी तिच्या हातात फोन दिला आणि म्हटलं, आजी, तूच कर नोंद.

"मले काय समजते बाबू त्यातलं? तूच भर."

मी भरली. चार मिनिटं लागली, त्यातली तीन ओटीपीची वाट पाहण्यात. नोंद आजीच्या नावावर झाली. ती तोवर धुऱ्यावर उभी राहून मला सांगत होती, फोटो तिकडून काढ, इकडची पराटी वाळली आहे.